उद्यमबागेत करून घेतलेली लॅप्रोस्कोपीची पेटी: तीन वर्षांच्या वापरानंतर

आधीच सांगते: पाचपैकी चार. एक गुण कॅमेऱ्यापायी कापला, आणि त्यात पेटी करणाऱ्या मिस्त्रीकाकांचा दोष नाही, माझा आहे. ते पुढं येईलच.

वस्तू म्हणजे प्लायवुडचं पोट आहे. चाळीस सेंटीमीटर लांब, तीस रुंद, वीस उंच. वर ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर ताणून बसवलंय, त्याला पाच भोकं. आत एलईडीची पट्टी आणि एक वेबकॅम. भोकांतून लांब दांड्याची हत्यारं आत घालायची, आणि हाताकडं न बघता लॅपटॉपच्या पडद्याकडं बघत आतलं काम करायचं. लॅप्रोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा हात अशाच पेटीवर बसवतात. तयार पेट्याही मिळतात. मी आधी तीच घेतली होती आणि पस्तावले.

मी बेळगावच्या वडगावची. एमबीबीएस बेळगावातच झालं, मग सक्तीच्या ग्रामसेवेचं वर्ष खानापूर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात काढलं. तिथं सर्जरी म्हणजे गळू फोडायचं, कोयत्याचे घाव शिवायचे आणि उरलेलं सगळं 108 मध्ये घालून बेळगावला धाडायचं. पावसाळ्यात एका रात्री बारा वर्षांचा एक पोरगा आला, उजवीकडं खाली पोट लाकडासारखं कडक. अपेंडिक्स फुटल्याचं मला कळत होतं, पण कळून करणार काय? सलाईन लावलं, अँटिबायोटिक दिलं आणि गाडीत बसवला. पोरगा वाचला. पण गाडीचा लाल दिवा वळणाआड गेला तेव्हा मनात एवढंच आलं की आपण कायम या टोकाला उभं राहायचं नाही, गाडी जिथं पोचते तिथं जायचं.

नीट पीजीत सर्जरी मिळावी एवढी रँक आली नाही. मॅनेजमेंट कोट्याचा आकडा ऐकून बाबा काहीच बोलले नाहीत, उठून पंखा तेवढा बंद केला. मग प्लॅब धरली. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलची परीक्षा, बाहेरच्या डॉक्टरांना तिथं काम करायचं तर द्यावी लागते ती. पहिला भाग बेंगळुरूला देता येतो, एकशे ऐंशी प्रश्न, तीन तास. दुसरा मँचेस्टरलाच जाऊन द्यावा लागतो. तिथं एकेका खोलीत नट-नट्या रोगी होऊन बसलेले असतात आणि प्रत्येकाला आठ मिनिटं द्यायची.

परीक्षा पास झालं म्हणजे सर्जरी मिळाली असं नव्हे, एवढं मला माहीत होतं. म्हणून अभ्यासाबरोबर हातही तयार ठेवायचा ठरवलं आणि ऑनलाइन एक पेटी मागवली. 8,999 रुपये. कंपनीचं नाव घालत नाही. अ‍ॅक्रिलिकचा डबा, इतका हलका की हत्यार जरा रेटलं की डबाच टेबलावरून सरकायचा. कॅमेरा तर त्याहून वाईट: हात हलायचा आधी, पडदा हलायचा मग. दोन्हीत अर्ध्या सेकंदाचं अंतर असेल, पण तेवढ्यात गाठ निसटते. परत घेईनात. शेवटी त्या डब्यात आज्जीनं पापड ठेवले, त्याला तो छान आहे.

बाबांच्या ओळखीचे एक पॅटर्नवाले काका उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत आहेत. फाउंड्रीत ओतकामाआधी लाकडाचा हुबेहूब नमुना करावा लागतो, तो करणारे. नाव, नंबर कुठं लिहू नको म्हणाले, त्यामुळं लिहीत नाही. चाळीस वर्षं पंपांचे आणि व्हॉल्व्हचे पॅटर्न केलेला माणूस, मराठीत सुरू केलेलं वाक्य कन्नडमध्ये संपवतो. मी 2022 च्या जुलैत भर पावसात त्यांच्याकडं गेले आणि मोबाइलवर चित्र दाखवलं.

"ह्याला पोट म्हणायचं काय ओ डॉक्टरबाई?"

"होय काका. झाकण म्हणजे कातडी."

"आन् आत काय ठेवणार?"

"मोसंबी."

त्यांनी चष्म्यावरून बाबांकडं बघितलं. पण पुढं विचारलेले प्रश्न कुठल्याही सर्जननं विचारावेत असे. हत्यार किती लांब? (साधारण तेहतीस सेंटीमीटर.) आत किती जातं, बाहेर किती राहतं? भोकात ते फिरतं, की नुसतं मागंपुढं जातं? दोन हत्यारांची टोकं कुठं भेटायला पाहिजेत? मी कागदावर काढून दाखवलं की हत्यार भोकाशी टेकतं, म्हणून हात उजवीकडं नेला की आतलं टोक डावीकडं जातं. ते म्हणाले, "मग हे वल्ह्यासारखं झालं." माझ्या पाठ्यपुस्तकात याच्यावर पाऊण पान आहे.

हे प्रकरण किती जुनं, असंही त्यांनी विचारलं. दुर्बिणीनं पहिलं अपेंडिक्स जर्मनीत कुर्ट झेम यांनी 1980 च्या सुमाराला काढलं. आपल्याकडं पित्ताशयाची पहिली अशी शस्त्रक्रिया डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. "नव्वद?" काका म्हणाले. "तेव्हा ही लेथ माझ्याकडं होती की!"

आठ दिवसांत पेटी तयार. तळ आणि बाजू नऊ मिलिमीटर प्लायच्या, कडांना सागवानी पट्ट्या, कोपऱ्यांना फुलपाखरी नट, म्हणजे सगळी उकलून सपाट करता येते. भोकांना स्कूटरच्या केबलचे ग्रोमेट, म्हणजे रबरी कड्या बसवलेल्या, त्यामुळं हत्यार हवं तसं फिरतं आणि रबरही फाटत नाही. ही कल्पना त्यांचीच. तीन वर्षांत पाचपैकी एकच ग्रोमेट बदलावा लागला.

घोळ एकच झाला, आणि तो मला इतका आवडतो की दुरुस्त करून घेतलेला नाही. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, मीटरला साधारण दहा मिलिमीटर. म्हणून पॅटर्नवाले मुद्दाम जरा वाढीव खुणांची पट्टी वापरतात, तिला श्रिंकेज स्केल म्हणतात. काकांचा हात सवयीनं त्याच पट्टीकडं गेला. झाकणाची चौकट मात्र त्यांच्या हाताखालच्या पोरानं साध्या फूटपट्टीनं कापली. परिणामी पोट 404 मिलिमीटर आणि कातडी 400. झाकण चार मिलिमीटर खुळखुळतं. काका ओशाळले. मी म्हटलं, असू दे, जेवल्यावर पोट सैल लागतंच.

हिशेब असा: प्लाय, पट्ट्या आणि मजुरी 1,900, वेबकॅम 1,100, एलईडी 150, नटबोल्ट 90. एकूण 3,240 रुपये. मजुरी खरं तर घेतच नव्हते, बाबांनी खिशात कोंबली. हत्यारं वेगळी घ्यावी लागली. सरावाच्या दर्जाचे दोन ग्रास्पर (लांब चिमटे) आणि एक नीडल होल्डर (सुई धरायची पकड) मिळून साडेसहा हजार, म्हणजे पोटाच्या दुप्पट. इथं हात आखडू नका. पेटी साधी चालते, पण जबडा नीट न मिटणारं हत्यार चुकीची सवय लावतं आणि ती सवय मोडायला पुढं महिने जातात.

सराव काय करायचा याच्या याद्या सगळीकडं मिळतात. मी घरात काय मिळालं ते सांगते. खिळ्यांवर रबरी रिंगा लावायच्या, डाव्या हातानं उचलून उजव्या हातात द्यायच्या आणि पलीकडच्या खिळ्यावर अडकवायच्या, मग उलट परत. अमेरिकेतल्या एका प्रमाणित अभ्यासक्रमात या खेळाला 48 सेकंदांचं लक्ष्य धरतात. माझा पहिला आकडा चार मिनिटं दहा सेकंद, शिवाय दोन रिंगा पेटीच्या कोपऱ्यात हरवलेल्या. दिवाळीपर्यंत 70 वर आले. कोंबडीच्या तंगडीवर टाके घालायचे होते, पण आमच्या घरात सोमवार, गुरुवार, शनिवार आणि आज्जीला आठवेल ती प्रत्येक एकादशी पाळतात. मग मोसंबीची साल सोलायची, फोड न फोडता. नंतर केळ्याची साल शिवायची. गाठींसाठी शेजारच्या विणकर काकूंनी रेशमाचं उरलेलं सूत दिलं. मेणबत्तीवरून ओढलं की ते सर्जिकल सिल्कच्या जवळपास वागतं. आज्जी लॅपटॉपच्या पडद्यासमोर जपमाळ घेऊन बसायची आणि गाठ सुटली की माझ्याआधी "अरे देवा" म्हणायची.

रबराचा वास मात्र जाता जात नाही. साबण, व्हिनेगर, ऊन, सगळं झालं. ज्यांना चालणार नाही त्यांनी जाड निओप्रीन (कृत्रिम रबर) घ्यावं.

मार्च 2024 मध्ये इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका लहान गावातल्या रुग्णालयात जनरल सर्जरी विभागात नोकरी लागली. ट्रस्ट ग्रेड, म्हणजे प्रशिक्षणाची जागा नव्हे, नुसती कामाची. त्याआधीचे अर्ज मोजले नाहीत, मोजायचं बंद केलं होतं. आता सामान. विमानात एक बॅग तेवीस किलोची. पेटी उकलून 3.8 किलो, हत्यारं सहाशे ग्रॅम. आईनं एकीकडं शेंगाचटणी, मेतकूट, लोणचं आणि दोन किलो कुंदा मांडला, दुसरीकडं मी प्लायच्या फळ्या. काटा फळ्यांच्या बाजूनं झुकला आणि कुंदा अर्धा किलोवर आला. आई दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. सांबऱ्याच्या विमानतळावर बॅग उघडून नीडल होल्डर हातात धरून एकानं विचारलं, हे काय? डॉक्टर आहे, सांगितलं. मग ट्यूबचं रबर वर काढून विचारलं, आणि हे? ते मला पटकन सांगता आलं नाही.

तिथं पेटी कशी चालली? पहिला प्रश्न लाकडाचा. बेळगावच्या जुलैतल्या दमट हवेत चिकटवलेले सांधे, आणि तिथं खोलीत रात्रंदिवस हीटर. दुसऱ्याच महिन्यात एक कोपरा उघडला, फट पडली, आतला उजेड बाहेर. सागवानी पट्ट्या जशाच्या तशा राहिल्या, प्लायच सुटलं. काकांना व्हिडिओ कॉल केला. "लाकूड वाळलं, आयतु (झालं)," म्हणाले. "फेविकॉल मिळतो काय तिथं?" लाकडाचा साधा गोंद मिळाला आणि रात्रभर पट्ट्यानं आवळून ठेवला. तेव्हापासून घट्ट आहे. करून घेणाऱ्यांनी उन्हाळ्यात करून घ्यावी.

दुसरा प्रश्न आवाजाचा. रात्री अकराला रिंग प्लायवर पडली की टक्क वाजतं. पलीकडच्या खोलीतली केरळची नर्स एकदा दार वाजवून म्हणाली, तू रोज रात्री कॅरम कोणाशी खेळतेस? तळाला जुना टॉवेल घातला.

तिसरा प्रश्न मोठा. गुण कापला तो इथं. वॉर्डचा राउंड सकाळी आठला, मग दिवसभर रक्ताचे रिपोर्ट, घरी जाणाऱ्यांची पत्रं, बीप वाजला की धावायचं. ऑपरेशन थिएटरमध्ये आधी प्रशिक्षणार्थी, मग उरलं तर आम्ही. दीड महिन्यानं एका अपेंडिक्सला पहिल्यांदा हात धुवून उभी राहिले. बोटं शिवशिवत होती. सरांनी माझ्या हातात दिलं काय? कॅमेरा. नवख्याला आधी कॅमेराच देतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तो तीस अंशाचा, म्हणजे दांडा ज्या दिशेला त्याच दिशेला दिसत नाही, तिरकं दिसतं. दिव्याची केबल फिरवली की दृश्य फिरतं, आणि क्षितिज मात्र सरळ ठेवायचं. माझ्या पेटीतला कॅमेरा स्क्रूनं पक्का बसवलेला. वीस महिने मी हत्यारांचा सराव केला होता, डोळ्याचा एक मिनिटही नाही. पडद्यावर यकृत भिंतीला टांगल्यासारखं दिसायला लागलं. सर शांतपणे म्हणाले, "माझी मान दुखायला लागली." कॅमेरा दुसऱ्याकडं गेला.

रात्री काकांना सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, गॅरेजवाले इंजिनात बघायला सापासारखा कॅमेरा घालतात, तो आण. पाइपात घाल आणि टोक तिरकं काप. वीस पौंडांत बोअरस्कोप मिळाला. प्लंबिंगच्या दुकानातून एक अरुंद नळी घेतली, टोकाशी तीस अंशांची पाचर बसवून कॅमेरा चिकटवला. मधल्या भोकातून घातला आणि शेजारणीला म्हटलं, चल, आता कॅरमला दोघी लागतात. ती हत्यारं धरायची, मी कॅमेरा. महिनाभरानं त्याच सरांच्या लिस्टवर पित्ताशयाला पुन्हा कॅमेरा मिळाला आणि सर मानेबद्दल काही बोलले नाहीत. पुढं एकदा नाभीचं छिद्र शिवू दिलं, मग एकदा आत गाठ मारू दिली. ती पहिल्या झटक्यात बसली तेव्हा सर म्हणाले, कुठं शिकलीस? बेळगावात, म्हटलं, मोसंबीवर.

म्हणून पेटी करून घेताना पहिल्या दिवसापासून फिरता कॅमेरा सांगा. मला हे माहीत नव्हतं, तर काकांना कुठून असणार?

इथं जरा वाट सोडून बोलते, कारण पेटी घेणारे बहुतेक माझ्याच वाटेवरचे असतील. निघण्याआधी परदेशी पाठवणाऱ्या एका ऑफिसला मी चाळीस हजार दिले होते. जी कागदपत्रं मी स्वतः भरू शकले असते तीच त्यांनी भरली, वर सल्ला दिला: सर्जरीत दोन-तीन वर्षं अनुभव घ्या, मग ट्रेनिंगला अर्ज करा, अनुभव जितका जास्त तितकं चांगलं. अगदी उलटं निघालं. मी अर्ज केला त्या फेरीत कोअर सर्जिकल ट्रेनिंग, म्हणजे तिथल्या शल्यशिक्षणाची दोन वर्षांची पहिली पायरी, सुरू व्हायच्या दिवशी सर्जरीतला अनुभव अठरा महिन्यांपेक्षा जास्त चालत नव्हता. कुठल्याही देशातला धरतात. मला हे 2024 च्या ऑक्टोबरात एका नायजेरियन सहकाऱ्यानं जेवताना सांगितलं. बोटांवर मोजलं: पुढच्या ऑगस्टपर्यंत माझे सतरा महिने. म्हणजे संधी एकच. घाईनं अर्ज केला, जानेवारीत परीक्षा दिली, मुलाखतीपर्यंत नाव पोचलं नाही. आधी कळलं असतं तर पहिली नोकरी इमर्जन्सी विभागात घेतली असती, म्हणजे घड्याळ सुरूच झालं नसतं. त्यात जुलै 2025 मध्ये तिथल्या सरकारनं दहा वर्षांची आरोग्य योजना जाहीर केली, आणि ट्रेनिंगच्या जागांवर तिथल्याच पदवीधरांना प्राधान्य देणार असल्याचं त्यात म्हटलं. अर्जाच्या अटी दर वर्षी मूळ ठिकाणी जाऊन स्वतः वाचा. ऑफिसातल्या माणसाच्या तोंडून ऐकू नका.

काकांना हे फोनवर सांगितलं तर ते हसले. "कोअर? आमच्यात कोअर म्हणजे वाळूचा गाभा. आत पोकळी राहावी म्हणून घालतात, आन् ओतून झालं की फोडून टाकतात. त्याच्यासाठी काय रडायचं?"

आता दुसरी वाट धरली आहे. एमआरसीएसचा, म्हणजे तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या सदस्यत्वाच्या परीक्षेचा पहिला भाग, एका दिवसात पाच तास आणि तीनशे प्रश्न, सप्टेंबरात दिला आणि पास झाले. दुसरा भाग राहिलाय. कोअर न करता त्याच्या वरच्या पायरीला अर्ज करायचा तर प्रत्येक कौशल्य कुणीतरी बघून सही करावं लागतं, आणि ई-लॉगबुकात प्रत्येक शस्त्रक्रियेत मी नक्की काय केलं ते लिहावं लागतं: नुसती मदत केली, की सर समोर असताना स्वतः केली. पेटीवरचे तास त्यात धरत नाहीत. पण सरांनी हत्यार हातात द्यावं असं त्यांना वाटायला ते तास लागतात, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते. रिंगांचा आकडा सध्या 51 आहे. तीन सेकंद कुठं जातात, कळत नाही.

तिथं सर्जन झाले की डॉक्टर हा शब्द टाकून नुसतं मिस्टर किंवा मिस लावतात, न्हावी आणि सर्जन यांचा संघ एक होता त्या काळापासूनची रीत. तो संघ 1745 मध्ये फुटला, रीत राहिली. हे आईला सांगायचं धाडस अजून झालेलं नाही. गल्लीभर डॉक्टरीण म्हणून सांगून बसलीये ती.

गेल्या गणपतीला घरी आले तेव्हा काकांच्या दुकानात आणखी तीन पेट्या दिसल्या. माझ्या दोन ज्युनियर मुलींच्या, आणि एक हुबळीहून आलेली ऑर्डर. यांत फिरत्या कॅमेऱ्याची नळी आधीच बसवलेली, तळाला नमदा चिकटवलेला, प्लायच्या कडांना वॉर्निश. किंमत आता साडेचार हजार, कॅमेरा तुमचा तुम्ही आणायचा. मी झाकण उचलून हलवून बघितलं. खुळखुळलं. काकांनी पोराकडं बघितलं, पोरानं काकांच्या हातातल्या पट्टीकडं.

जाताना साधी फूटपट्टी बरोबर न्या.